सावाको पुन्हा गप्प झाली

शुक्रवार, रात्री उशिरा

‘किमी नि तोदोके’ या जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचा पहिला सीझन आज पुन्हा बघून संपवला. 25 एपिसोड. ऑक्टोबर 2009 ते मार्च 2010 मध्ये जपानात टीव्हीवर लागलेली मालिका, म्हणजे तशी जुनीच. पण ते फिकट, जलरंगी चित्रण अजून शिळं वाटत नाही. सावाको कुरोनुमाचे केस लांबसडक, काळेभोर, तोंडावर आलेले. म्हणून वर्गात तिला भयपटातल्या सादाकोचं नाव चिकटलंय. तिच्या डोळ्यांत बघितलं की काहीतरी वाईट होतं, अशी अफवा. आणि ही पोरगी इतकी भाबडी की लोक आपल्याला घाबरतात म्हणून तीच त्यांची माफी मागते.

स्वच्छतागृहातला प्रसंग मागे नेऊन परत बघितला. यानो आणि चिझू या तिच्या मैत्रिणींबद्दल घाणेरडं काहीबाही पसरलंय, आणि ते सावाकोनेच पसरवलं असंही म्हणतात. आत काही मुली त्या दोघींना नावं ठेवत असतात. सावाकोच्या कानावर पडतं. जन्मात कुणाशी न भांडलेली ही मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते. बोललात ते मागे घ्या, म्हणते. त्या अंगावर येतात तरी जागची हलत नाही. सावाकोला आवाज देणाऱ्या मामिको नोतोचा आवाज एरवी कुजबुजीच्या पलीकडे जात नाही. इथेही फार वर चढत नाही, फक्त ठाम होतो. माझ्या घशात दरवेळी इथेच आवंढा येतो. सावाकोला आवडणाऱ्या, तिच्या वर्गातल्या काझेहायाच्या एकाही प्रसंगाला येत नाही, हे लिहून ठेवते.

शनिवार

दुसरा सीझन सुरू केला. जानेवारी 2011 चा. आधी 0 क्रमांकाचा एक उजळणीचा एपिसोड आहे, तो सरळ पुढे ढकलला. मग बारा.

पहिल्याच भागात व्हॅलेंटाइन डे. सावाकोने हाताने चॉकलेटं केलीत, बाकीच्यांना वाटून टाकलीत, पण काझेहायासाठी केलेलं तेवढं देववत नाही. इतरांसारखं ते सहज हातावर ठेवता येत नाही, कारण ते इतरांसारखं नाहीच. तो दिवसभर वाट बघतोय. संध्याकाळी चॉकलेट तिच्याकडेच. हा भाग छान जमलाय. मी खूश होते.

मग सुटी संपते, वर्ग बदलतो, आणि केंतो मिउरा नावाचा एक लाघवी मुलगा तिच्या शेजारी येऊन बसतो. इथून गाडी रुळावरून उतरते. काझेहायाला वाटतं, हिला माझा त्रास होतोय. हिला वाटतं, तो सगळ्यांशीच चांगला वागतो, माझ्याशीही तसंच. केंतो मध्ये पडून गाठ सोडवायच्या नावाखाली आणखी घट्ट करतो. हे सगळं आठव्या-नवव्या भागापर्यंत चालतं.

धाकटी बहीण शेजारी बसून डबा खात होती. म्हणाली, “ताई, ही दोघं पाच मिनिटं बोलली तर मालिका संपेल ना?”

“पहिला सीझनही तसाच आहे की.”

“तो नव्हता गं कंटाळवाणा.”

रविवार

तिचं म्हणणं डोक्यातून जात नाहीये, कारण ते बरोबर आहे आणि मला ते मान्य करवत नव्हतं.

गप्प बसण्याला माझी हरकत नाहीच. प्रेमकथा त्यावरच चालते. पहिल्या सीझनमध्येही कुणी मनातलं धड बोलत नाही. पण तिथे सावाकोला खरोखरच कळत नाही. मित्र म्हणजे काय, कुणी आपल्याशी हसून बोललं तर त्याचं काय करायचं, हे तिने कधी अनुभवलेलंच नाही. ती एकेक गोष्ट शिकते आणि शिकलेली प्रत्येक गोष्ट धडपडत बोलून दाखवते. गैरसमज येतो, ती जाते, बोलते, तो सुटतो. मग नवीन येतो. शेवटी वर्षअखेरीच्या रात्री, तिच्या वाढदिवसाला, दोघं देवळात जातात तेव्हा ती सुरुवातीची सावाको राहिलेली नसते.

आणि दुसऱ्या सीझनमध्ये तिला परत तिथेच नेऊन बसवलंय. स्वच्छतागृहात त्या मुलींना पुरून उरलेली मुलगी इथे “तुला काय वाटतं?” एवढं विचारायला अडते. प्रेमात माणूस भित्रा होतो, कबूल. पण इतके एपिसोड?

बरं, माणसं बदलली म्हणावं तर तसंही नाही. स्टुडिओ तोच, प्रॉडक्शन आय.जी. दिग्दर्शक तेच, हिरो काबुरागी. आवाज तेच. मला वाटतं, घोडं मूळ मजकुरापाशी अडलंय. कारुहो शिइनाची मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, ‘बेस्सात्सु मार्गारेत’ या मासिकात यायची. मासिकात हप्त्याहप्त्याने ताणलेला गैरसमज पुस्तकात आला की आपण भराभर पानं उलटून पार करतो. पडद्यावर मात्र प्रत्येक उसासा त्याच्याच वेगाने सोसावा लागतो. काझेहाया खाली बघतो, पियानो वाजतो, सावाको मनातल्या मनात तेच पुन्हा बोलते. पहिल्या सीझनचा हाच संथपणा मला आवडायचा, कारण त्या संथपणात काहीतरी घडत असायचं. इथे आमटी तेवढीच आणि पाणी वाढवलेलं.

शिवाय यानो आणि चिझू! पहिल्या सीझनमध्ये चिझूचं शेजारच्या दादावरचं प्रेम, त्याचं दुसरीशीच ठरलेलं लग्न, आणि सगळं माहीत असून तोंड न उघडणारा, त्या दादाचा धाकटा भाऊ र्यू. या सगळ्याला ऐसपैस जागा मिळाली होती. इथे दोघी बहुतेक वेळ काठावर उभ्या राहून चिंता करतात. बारा एपिसोडमध्ये मावणार तरी किती, हेही खरं.

सोमवार

ऑफिसला जाता जाता कुरुमीचाच विचार करत होते. पहिल्या सीझनमध्ये डाव रचणारी, गोड चेहऱ्याची, काझेहायाला विचारून नकार पचवलेली. दुसऱ्या सीझनमध्ये सावाको रडकुंडीला येऊन हातपाय गाळते तेव्हा तिला फैलावर घेणारी हीच. स्वतः तोंड उघडून नकार घेतलेल्या मुलीला, न बोलताच हार मानणारी प्रतिस्पर्धी म्हणजे आपला अपमान वाटतो. तिला दया वगैरे काही नाही, ती शुद्ध चिडलेली आहे. सावाको त्यानंतरच शाळेच्या महोत्सवाच्या गर्दीतून काझेहायाला शोधत सुटते.

तो कबुलीचा प्रसंग सुंदर आहे, ते नाकारत नाही. पण त्या धावण्यामागे जोर आहे तो कुरुमीचा. अख्ख्या सीझनमध्ये सरळ बोलणारं माणूस कोण, तर जिच्या पदरात काहीच पडणार नाही ती.

2024 मध्ये नेटफ्लिक्सवर तिसरा सीझन आला, पाचच एपिसोड पण लांबलचक. बहीण म्हणते, तिच्याशिवाय बघायचा नाही. तिची परीक्षा गुरुवारी संपते.