वीस ते पन्नास केबी

मोबाईलच्या बातम्यांमधले आकडे कायम वरच चढत असतात. कॅमेरा २०० मेगापिक्सेल, स्टोरेज १ टीबी, रॅम बारा जीबी होती ती आता सोळा, आणि मग त्यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये, टपरीवर, लग्नात जेवायच्या रांगेत उभं राहून मतं. ॲपलवाले लुटतात. अमक्या कंपनीचा फोन हँग होतो (हे मत दहा वर्षांपूर्वीच्या फोनवरून बनलेलं असतं, फोन अपडेट होतात पण मतं होत नाहीत). मुंबईत बीकेसीला २०२३ मध्ये ॲपलचं स्टोअर उघडलं तेव्हा कंपनीचा प्रमुख टिम कुक स्वतः दार उघडायला आला होता, तर आमच्या नात्यातल्या एका काकांनी ते इतकं मनावर घेतलं की जणू त्यांनाच बोलवायचं राहून गेलं. आयफोन वापरत नाहीत हं ते, फक्त मत आहे.

मतं मलाही आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे नातेवाईकांच्या मते मला मोबाईल, प्रिंटर, वायफाय, सेट टॉप बॉक्स आणि शेअर बाजार यातलं सगळंच कळतं. तर हल्ली माझं असं मत झालंय की टेक्नॉलॉजीच्या बातम्या ज्या टोकाला चालल्यात त्याच्या बरोबर उलट्या टोकाला आपलं रोजचं जगणं अडकलेलं असतं, आणि त्या टोकाला, ऑनलाईन फॉर्मवर, लिहिलेलं असतं, 'फोटो २० ते ५० केबी, फक्त जेपीजी'.

भाची बार्शीला असते. बँकेच्या भरतीचा फॉर्म भरत होती, रात्री फोन आला, "मामा, साईट फोटोच घेईना झालीय, रेड अक्षरात काहीतरी येतंय." काय येतंय वाच म्हटलं. तर फोटो २०० बाय २३० पिक्सेल (म्हणजे ठिपके), २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा वेगळा. आणि हाताने लिहिलेलं एक डिक्लेरेशन, ते ५० ते १०० केबी. आणि पोरीच्या हातात फोन कोणता, तर दाजींनी हौसेनं हप्त्यावर घेऊन दिलेला, मागे तीन कॅमेरे असलेला. त्यात काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा, म्हणजे चार-पाच हजार केबीचा. म्हणजे शंभर पट कमी करायचा. मला हसू आलं आणि तिला रडू.

हिशोब करून बघा ना. २०० गुणिले २३० म्हणजे सेहेचाळीस हजार पिक्सेल. २०० मेगापिक्सेल म्हणजे वीस कोटी. म्हणजे लाखाच्या वर पैसे मोजून घेतलेल्या फोनमधले चार हजारातले जवळजवळ सगळे ठिपके फेकून द्यायचे आणि एक ठेवायचा, तेव्हा कुठे फॉर्म पुढे सरकणार. (खरं तर ते २०० वाले फोनसुद्धा सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साधा फोटो साडेबारा मेगापिक्सेलच्या आसपासचाच देतात, २०० हवे असतील तर सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम मागावे लागतात, पण हे सांगितलं की ज्याने फोन घेतलाय तो नाराज होतो.) जुनी १.४४ एमबीची फ्लॉपी आठवते का कुणाला? तिच्यात असे अठ्ठावीस फोटो आरामात बसले असते. आपण फ्लॉपी टाकून दिली पण फॉर्म अजून फ्लॉपीच्या मापानेच शिवलेत.

बरं, नुसतं हसण्यावारी नेऊ नये, त्यामागे कारण आहे. दहा लाख पोरांनी फॉर्म भरला आणि प्रत्येकाने पाच एमबीचा फोटो चढवला तर पाच टीबी होतात, आणि तेच पन्नास केबीत बसवले तर पन्नास जीबी, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या पेनड्राईव्हवर मावतात. शेवटच्या तारखेला रात्री सगळे एकदम येणार, गावाकडे रेंज एक काडी, त्यात छोटी फाईलच बरी. हे सगळं मान्य. पण मग ते लहान करायचं काम साईटनेच करावं ना! ब्राउजरमध्येच फोटो बारीक करून घेणं हे आता अजिबात अवघड राहिलेलं नाही. व्हॉट्सॲप तर न विचारता करतं. २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने फोटो एचडीत पाठवायची सोय दिली तेव्हा केवढं कौतुक झालं, आणि त्याच वेळी निम्म्या महाराष्ट्रातली पोरं फोटो साध्या क्वालिटीत स्वतःलाच पाठवून परत डाउनलोड करत होती, कारण तसं केलं की तो आपोआप शे-दोनशे केबीचा होतो. भाचीला मी पहिला उपाय हाच सांगितला. ती म्हणाली, "ते केलं की मामा, एकशे ऐंशी आलाय, अजून एकशे तीस कमी करायचेत." वजन कमी करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये असल्यासारखं वाटलं.

आता यातली एक गंमत मला कामानिमित्त माहिती आहे म्हणून सांगतो. जेपीजी फोटो लहान कसा होतो? तर फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे बारीक चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोन म्हणजे काही जाड आणि काही बारीक लहरींची मिसळण आहे असं धरून गणित करतात. बारीक लहरी डोळ्याला फारशा दिसत नाहीत, म्हणून त्या टाकून द्यायच्या. जितकं टाकाल तितके केबी कमी. म्हणून जास्त दाबलेल्या फोटोत आधी दाढीचे खुंट जातात, मग साडीची बारीक डिझाईन, आणि सहीच्या भोवती ढगासारखा मळकट पट्टा येतो तो याच्यामुळेच. हे गणित सुचलं नासिर अहमद यांना, मूळचे बंगळुरूचे, अमेरिकेत कॅन्सास स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवायचे. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले, तर अर्ज नामंजूर. कारण काय, तर कल्पना फारच सोपी आहे! मग त्यांनी आपल्या आपणच काम केलं, त्यांचा विद्यार्थी नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ च्या जानेवारीत पेपर छापून आला, आणि १९९२ मध्ये जेपीजीचं स्टँडर्ड आलं ते त्याच्यावर. म्हणजे ज्या माणसाच्या डोक्यातून आलेलं गणित आज आपल्या पोरांचे फोटो फॉर्ममध्ये बसवतं, त्याचा स्वतःचाच फॉर्म रिजेक्ट झाला होता. एआयवर दिवसभर मतं देणाऱ्या आमच्या ऑफिसमध्ये हे नाव विचारलं तर कुणालाच माहिती नव्हतं. तिकडच्या सगळ्या सीईओंचे पगार मात्र पाठ.

तर भाचीला म्हटलं लॅपटॉप आहे ना घरात, पेंट उघड. पेंट म्हणजे विंडोज १.० पासून, १९८५ पासून असलेला तो डबडा प्रोग्रॅम. २०१७ च्या जुलैत बातमी आली होती की मायक्रोसॉफ्ट पेंट बंद करणार, तेव्हा जगभरातून एवढा आरडाओरडा झाला की कंपनीला घाईघाईने सांगावं लागलं की नाही हो, राहील तो. लोकांना वाटलं सगळे लहानपणीच्या आठवणींनी हळवे झालेत. तिकडे झाले असतील. इकडे नेटकॅफेवाल्यांचा धंदा होता तो! फोटो उघडायचा, कंट्रोल डब्ल्यू दाबायचं, पिक्सेलवर टिक करून, लांबी-रुंदीचं बंधन काढून २०० आणि २३० टाकायचं, सेव्ह ॲज जेपीजी, झालं. फक्त मध्येच ब्राउजर समोर असताना कंट्रोल डब्ल्यू दाबू नये, तिथे त्याच बटणांनी टॅब बंद होते आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. भाचीचा गेला. मी सांगायच्या आत गेला.

आणि खरी अडचण पुढेच आली. "सेव्ह कुठे केलास?" "लॅपटॉपमध्ये." "लॅपटॉपमध्ये कुठे?" "लॅपटॉपमध्येच ना मामा." ही पिढी रील एडिट करते, गाण्याच्या ठोक्यावर कट मारते, मला ते सात जन्मात जमणार नाही, पण फाईल कुठेतरी राहते आणि त्या कुठेतरीला पत्ता असतो हे त्यांना फोनने कधी सांगितलेलंच नाही. फोनमध्ये फोटो गॅलरीत असतो, पीडीएफ व्हॉट्सॲपमध्ये असते, संपलं. इथे मला एमएससीआयटीची आठवण झाली. दहावीची परीक्षा संपली की "सुट्टीत नुसता लोळू नको, एमएससीआयटी करून घे" हे वाक्य ज्या घरात झालं नाही असं घर दाखवा. २००१ मध्ये सुरू झालेला कोर्स, आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याची यथेच्छ टिंगल करतो, सरकारी नोकरीला सर्टिफिकेट लागतं म्हणून लोक करतात वगैरे. पण माझं आताचं मत असं आहे की फोल्डर, राईट क्लिक, सेव्ह आणि सेव्ह ॲजमधला फरक, एवढं जरी त्या कोर्सने लाखो लोकांच्या हाताला लावलं असेल तर फी वसूल. ते आता परत कुठेतरी शिकवायला हवंय, आणि या वेळी सुरुवात फोनपासून करायला हवी.

शेवटी भाची सकाळी एसटी स्टँडजवळच्या नेटकॅफेत गेली. हा जो दादा असतो ना प्रत्येक तालुक्याला, एक कॉम्प्युटर, एक ऑल इन वन प्रिंटर, भिंतीवर सगळ्या योजनांचे पोस्टर आणि काउंटरवर फेव्हिस्टिक, त्याला चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा सीईओ कोण विचारा, माहिती नसेल. आयफोनचा नवा नंबर कितीचा चाललाय तेही नसेल. पण आयफोनवाला गिऱ्हाईक आला की त्याचा फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी नावाच्या प्रकारात असणार (२०१७ पासून आयफोन तसेच सेव्ह करतो) आणि साईट तो घेणार नाही, हे त्याला फोन हातात न घेता कळतं. डाउनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल, हे तो झोपेत सांगेल. फोनने कागद स्कॅन करायचं कॅमस्कॅनर २०२० मध्ये बंदी घातलेल्या ॲपच्या यादीत गेलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे दुसरं ॲप चालू. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या वेळी अंगणवाडीच्या ताई असोत की बायका, कुणाचं काय अडकलंय हे रांगेत बघूनच त्याला ओळखू यायचं असं भाची सांगते. आणि एआय म्हणाल तर तोही वापरतो बरं का. फोटोला पांढरं बॅकग्राउंड पाहिजे असतं, पूर्वी मागे चादर धरायला एक माणूस लागायचा, आता एका टिचकीत भिंत, कॅलेंडर, खुंटीवरची पिशवी सगळं गायब. कधीकधी अर्धा कान पण गायब होतो, मग तो कान परत चिकटवतो. वरून हवा असेल तर कोट-टाय पण घालून देतो, त्याचे दहा रुपये जास्त. जगातल्या अब्जावधी डॉलरच्या कंपन्या ज्या गोष्टीला भविष्य म्हणतायत ती बार्शीत दहा रुपयांना मिळते आणि तिचं काम कान सांभाळणं आहे.

मला विचाराल तर कंप्युटर येतो कुणाला, याची व्याख्या त्या दादापासून सुरू करावी. आम्ही लोक नवीन मॉडेल आलं, अमक्याने तमक्याला विकत घेतलं, नोकऱ्या जाणार की राहणार यावर तासभर बोलू शकतो, पण घाईत असलेल्या आईच्या फोनमधून जातीच्या दाखल्याची पीडीएफ काढून ती दोन एमबीच्या आत आणून सरळ बाजूने अपलोड करायला सांगा, निम्मे जण म्हणतील लॅपटॉप घरी राहिला. आणि कंपन्यांचं काय सांगावं, एवढे कॅमेऱ्याला मोड देतात, पोर्ट्रेट, नाईट, चंद्राचा फोटो, जेवणाचा फोटो. आपल्याकडे एवढे फोन विकतात तर एक 'फॉर्म मोड' द्या की! पासपोर्टचं माप, पांढरं बॅकग्राउंड, केबी किती ते विचारा आणि जेपीजी हातात ठेवा. याची जाहिरात करायला हिरो लागणार नाही. रॅमच्या आकड्यावर भांडणारे आमचे काका पण घेतील, त्यांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याच्या वेळी नातू शोधावा लागतो.

दुपारी भाचीचा परत फोन. म्हटलं झालं का? म्हणे, "दादानी केला फोटो, पण साईट म्हणते फाईल लहान आहे. अठरा केबी झालाय." आता वीसच्या वर न्यायचा. मी इकडे मीटिंगमध्ये, समोर कुणीतरी आमच्या प्रॉडक्टमध्ये एआय कुठे कुठे घालता येईल याची स्लाईड दाखवतोय, आणि मी टेबलाखाली टाईप करतोय, क्वालिटी शंभरवर ठेवून परत सेव्ह करायला सांग त्यांना. तिचा रिप्लाय आला, त्यांनी ते आधीच केलंय मामा, चोवीस आलाय, आता फी भरतोय, तुमच्याकडे ओटीपी येईल तेवढा सांगा.