ट्यूलिपसाठी फ्रिजात जागा

ठाण्यात थंडी पडली म्हणजे काय, तर पहाटे उठून पंखा एकावर करायचा. येऊरकडून वारा आला की चार दिवस स्वेटर दिसतात आणि तिळगूळ संपायच्या आत परत कपाटात जातात. एवढ्यावर ट्यूलिपचं भागत नाही. त्याच्या कांद्याला १२ ते १६ आठवडे ५ अंशांच्या आसपासचा गारठा मिळाला तरच दांडा वर येतो. नाहीतर फूल पानांच्या बेचक्यातच खुरटतं. मूळचं मध्य आशियातल्या डोंगरांतलं झाड, बर्फाखाली झोपायची सवय. घोडबंदर रोडवर ती सोय फ्रिजमध्येच.

म्हणून दसरा झाला की आमच्या भाजीच्या कप्प्यातून सफरचंदांची हकालपट्टी होते. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि कांद्यातली इवलीशी कळी आतल्या आत मरते. सफरचंदं टोपलीत, कांदे कागदी पिशवीत. "पोह्यांना चालतील का गं हे?" सासूबाईंनी विचारलंच. चालत नाहीत, पण १९४४-४५च्या उपासमारीत हॉलंडमधल्या लोकांनी हेच कांदे शिजवून खाल्ले होते, मधला कोंब काढून टाकून. हे ऐकल्यापासून त्या पिशवी जरा जपून सरकवतात.

जानेवारीच्या मध्यावर लावणी. कांदा हातात घेऊन बघावा: तपकिरी पापुद्रा सुटत आलेला, आत हस्तिदंती गर, एक बाजू फुगीर, दुसरी चपटी. चपटी बाजू कुंडीच्या काठाकडे ठेवायची, कारण पहिलं रुंद पान तिकडेच फाकतं. बाकी निचऱ्याची माती, सकाळचं ऊन, बेताचं पाणी. फूल उन्हात उघडतं, रात्री मिटतं. आमच्याकडे अकरालाच इतकं सताड उघडतं की आतले काळे पुंकेसर दिसतात, आणि आठवड्याभरात पाकळ्या गळतात. मार्चच्या उन्हात पानंही करपतात. कांद्याला पुढच्या वर्षीची बेगमी करायला सवडच मिळत नाही, म्हणून दरवर्षी नवे आणायचे. त्यापेक्षा २००७ साली खुल्या झालेल्या श्रीनगरच्या बागेत एप्रिलमध्ये जाऊन लाखो ट्यूलिप एकदम बघावेत, हा खरा शहाणपणा. विमानाच्या तिकिटांपुढे कांदे स्वस्त पडतात, एवढंच माझं म्हणणं.

शेजारच्याच कुंडीत मे फ्लॉवरचा कांदा आहे. त्याला फ्रिज नको, पिशवी नको. पानं झडल्यावर तो मातीत आहे हेही कुणाच्या लक्षात नसतं. मेच्या उकाड्यात, वळवाची एखादी सर आली की लालभडक गोंडा वर येतो. ट्यूलिप फुललं की विंगमधले सगळे मोबाइल घेऊन आमच्या गॅलरीत. मे फ्लॉवरच्या वेळी सगळे गावाला गेलेले असतात.