डोंगलचा डेटा कोण खातंय?

घरी मायक्रोटिकचा छोटा राउटर आहे, त्याला दोन लाइनी, एक फायबर आणि फायबर गेलीच तर म्हणून एक फोरजी डोंगल. कुठली वापरायची ते ठरवायला मी राउटरओएसमध्ये (मायक्रोटिकची ऑपरेटिंग सिस्टीम) छोटीशी स्क्रिप्ट लिहून शेड्युलरवर दर मिनिटाला लावून दिली. अ‍ॅरेमध्ये (म्हणजे यादीत) आधी फायबर, मग डोंगल, ही नावं म्हणजे कीज, आणि दोन्हींपुढे आपापल्या इंटरफेसचं, म्हणजे राउटरवरच्या जोडणीचं, नाव. फोरईचने (यादीतून एकेक घेत फिरणारा लूप) क्रमाने एकेकीवरून तीन पिंग (लाइन चालू आहे का बघणारे छोटे संदेश) मारायचे, या क्रमात जी पहिली उत्तर देईल तिच्यावर ट्रॅफिक, बाकीच्या सोडून द्यायच्या. सोप्पं.

दोन दिवसांत डोंगलचा डेटा संपला. फायबर तर ठणठणीत चालू!

आधी वाटलं पिंगच नीट जात नसेल, मग रूटिंग बघितलं, मग फायरवॉल उगाच उकरला, रात्रीचे साडेबारा झाले आणि शेवटी वैतागून लूपमध्ये लॉगची एक ओळ टाकली तर काय, पहिलं नाव डोंगल! मी लिहिलंय फायबर आधी. तीनदा फाइल उघडून बघितली, फायबरच आधी.

मग डॉक्युमेंटेशन उघडलं, जे आधीच उघडायला हवं होतं. नावाच्या कीज दिल्या की हा अ‍ॅरे त्या अल्फाबेटिकली लावतो, तुम्ही कुठल्या क्रमाने लिहिल्या त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. इंग्रजीत डी एफच्या आधी, म्हणजे डोंगल कायम पुढे. आणि ज्यांना की नाही ते सगळे पुढे जाऊन बसतात, त्यांचा आपापसातला क्रम मात्र तसाच राहतो. म्हणजे 2, मग एक कीवाला, मग 5 असं लिहिलं तर लूपमध्ये 2, 5 आणि शेवटी कीवाला. मी पायथन भाषेची सवय घेऊन आलेलो, तिथे 3.7 व्हर्जनपासून डिक्शनरी (अशीच कीवाली यादी) टाकलेल्या क्रमानेच फिरते, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही.

पहिला जुगाड म्हणून कीजच्या पुढे 1 आणि 2 लावले, तर ते कोट्समध्ये घालावे लागतात, कारण स्मॉल अक्षरं सोडून कीमध्ये काहीही आलं की कोट्स हवेतच. चाललं, पण बघवेना. शेवटी कीज काढूनच टाकल्या, नुसती इंटरफेसची नावं ओळीने. आता फायबर पहिली येते, लॉगमध्ये दिसतंय.

फायबरची वायर काढून डोंगल पकडतंय का ते बघायचं राहिलंय, डोंगलचा रिचार्ज कुठे केलाय अजून.