आमची वाटचाल : आधी हात दिसले पाहिजेत

संभाजीनगरच्या गुलमंडीत वडिलांचं मंडप, लाइट आणि साउंडचं दुकान होतं. गणपती, नवरात्र, लग्नसराई, शाळांची गॅदरिंग आणि मधूनमधून नाटकाचे प्रयोग, असं वर्षाचं गणित. दुकान आता मी चालवते. मंडप आम्ही सोडला, साउंड कमी केलं आणि जे काम नव्याने धरलं तेच आज आमचं मुख्य काम आहे. कर्णबधिर प्रेक्षकांना कार्यक्रम भारतीय सांकेतिक भाषेत बघता यावेत यासाठी जे जे लागतं ते आम्ही उभं करतो. इंटरप्रिटर (बोललेलं हातांच्या खुणांनी सांगणारे दुभाषे), त्यांच्यावरचा लाइट, तालमी, बसायच्या जागा, आमंत्रणाचा व्हिडिओ, सगळं. नाटक, भारूड, पोवाडा, कीर्तन, कविसंमेलन, व्याख्यान, कशासाठीही.

हे काम घरातूनच आलं. माझा मोठा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. शाळा संपल्यावर दादा वडिलांच्या हाताखाली आला आणि डिमर बोर्डवर, म्हणजे लाइट कमी-जास्त करायच्या बोर्डवर, बसला. संत एकनाथ रंगमंदिर, तापडिया नाट्यमंदिर, सोनेरी महालाजवळचा मोकळा मंच, सगळीकडे त्याने लाइट दिलेत. क्यू, म्हणजे लाइट बदलायची वेळ, तो नटाच्या पावलांवरून आणि विंगेतून मी केलेल्या खुणेवरून पकडायचा. नायिका कुठे उभी राहून रडते हे त्याला पाठ असायचं, कारण तिथे स्पॉट टाकायचा असायचा. ती का रडते ते मात्र घरी आल्यावर मी खुणांनी सांगायचे, दोन-चार वाक्यांत. अडीच तासांच्या नाटकातलं त्याच्या वाट्याला तेवढंच यायचं.

त्याच्या शाळेत ओठ वाचा, बोला, हात खाली ठेवा असा दंडक होता. हे काही एकट्या त्या शाळेचं नव्हतं. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि वर्गात खुणांऐवजी बोलण्यावरच भर द्यावा असा ठराव झाला. जगभरच्या बहुतेक शाळा पुढची जवळपास शंभर वर्षं त्याच वाटेने चालल्या. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव नाकारण्यात आला, पण तोवर दादाच्या पिढीची शाळा कधीच उरकली होती. ती मुलं साइन, म्हणजे सांकेतिक भाषा, शिकली मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात, एकमेकांकडून. म्हणूनच तिचं व्याकरण पुस्तकात शोधण्याआधी मी ते दादाच्या मित्रमंडळींच्या कट्ट्यावर पाहिलं.

दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातलं २९ वं कलम संस्कृती आणि करमणुकीबद्दल आहे. मी त्याची प्रत काढली आणि ज्यांना लाइट देत होतो त्या आयोजकांकडे घेऊन गेले. कायद्याबद्दल कुणी वाद घातला नाही. प्रश्न वेगळेच होते. "ताई, येतील का पण ती मंडळी? अन् स्टेजवर अजून एक माणूस हात हलवत उभा राहिला, तर बाकीच्यांचं लक्ष तिकडंच जाणार ना!" दुसरे म्हणायचे, स्क्रीनवर मराठी अक्षरं टाकू, तेवढ्यात भागेल.

अक्षरांनी थोडं भागतं, सगळं नाही. ज्या मुलाने मराठी कधी कानांनी ऐकली नाही त्याच्यासाठी लिखित मराठी ही नंतर शिकलेली दुसरी भाषा असते, आणि आपल्याकडे ती बहुतेकांना अर्धवटच शिकवली गेली. कीर्तनकाराचा ओघ किंवा भारुडातले श्लेष पळत्या ओळींमध्ये वाचणं त्यांना जड जातं. ज्यांचं वाचन चांगलं आहे, ज्यांना मोठेपणी ऐकू येईनासं झालं, त्यांना अक्षरं उपयोगी पडतात. म्हणून जमेल तिथे आम्ही दोन्ही देतो. पण एकच परवडत असेल तर साइन.

आता लाइटबद्दल, कारण तो आमचा मूळ धंदा आहे आणि बहुतेक कार्यक्रम इथेच फसतात. इंटरप्रिटरचे हात, चेहरा आणि खांदे सतत दिसले पाहिजेत. साइनमध्ये भुवया वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो, मान हलली की नकार येतो, गाल फुगले की वस्तू मोठी होते. चेहरा अंधारात गेला तर अर्धं व्याकरण गेलं. नाटकात मात्र अंधार लागतोच. त्यासाठी दादाने इंटरप्रिटरचा लाइट मुख्य बोर्डापासून वेगळा केला. समोरून थोडा तिरका, साधा पांढरा, त्याचा डिमर स्वतंत्र. ब्लॅकआउटला तो खाली येतो पण शून्यावर कधीच जात नाही. लाल आणि निळ्या लाइटचा भडिमार असला की हात कपड्यांत मिसळून जातात, म्हणून त्या कोपऱ्यात रंग येऊच द्यायचा नाही. कपडे साधे, एकरंगी, त्वचेच्या रंगापासून उठून दिसणारे. बांगड्या, अंगठ्या नाहीत. हातावर ताजी मेंदी असेल तर त्या आठवड्यात कार्यक्रम नाही, कारण नक्षीत बोटांचे आकार हरवतात. आमच्याकडे काम करणाऱ्या एका मुलीने स्वतःच्या भावाच्या लग्नात मेंदी काढली नव्हती, दोन दिवसांनी कीर्तन होतं म्हणून. तिच्या घरच्यांना हे समजावायला मी स्वतः गेले होते.

इंटरप्रिटर मिळवणं ही सगळ्यात अवघड बाजू. दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र ही संस्था २०१५ मध्ये स्थापन झाली. तिचा शब्दकोश २०१८ साली तीन हजार शब्दांचा होता, २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजारांवर गेला. इंटरप्रिटरची पदविका तिथे आहे, मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेतही आहे. पण शिकून आलेली मुलं मुंबई-पुण्यात थांबतात. आमच्याकडची बहुतेक मंडळी कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं आहेत. लहानपणापासून त्यांनी बँकेत, दवाखान्यात, तलाठी कार्यालयात आईवडिलांसाठी बोलणी केलीत. हात त्यांचे तयारच असतात. पदविकेला आम्ही त्यांना पाठवतो, आणि फी भरायला त्यांच्या कामाचा आगाऊ पैसा देतो.

एका वेळी दोघं असतातच. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, कारण ऐकणं, समजून घेणं आणि दुसऱ्या भाषेत मांडणं एकाच वेळी चालू असतं आणि थकलेला मेंदू आधी बारकावे गाळतो. "एकच द्या, अर्ध्या पैशात" असं म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. नुसते हात हलवणारा माणूस उभा केला की काय होतं ते २०१३ साली नेल्सन मंडेला यांच्या शोकसभेत सगळ्या जगाने पाहिलं. जगभरचे नेते बोलत होते, बाजूला एक माणूस खुणा करत होता, आणि दक्षिण आफ्रिकेतले कर्णबधिर लोक सांगत होते की याला काहीच अर्थ नाही. आपल्याकडे असं घडलं तर ते सांगायला कर्णबधिर माणूस सभागृहात असायला हवा, आणि त्याचं ऐकून घेणारा आयोजक.

म्हणून प्रत्येक कामात आमचा एक कर्णबधिर सल्लागार असतो, मानधनावर. तो तालमीत बसतो आणि कुठली साइन इथल्या लोकांना कळेल, कुठली दिल्लीकडची वाटेल, ते ठरवतो. आठवड्याचे वार, रंग, गावांची नावं यांच्या साइन भागाभागात वेगळ्या असतात, आणि जालना, बीड, परभणीकडून येणाऱ्या प्रौढांपैकी काही जण शाळेत गेलेलेच नसतात, घरच्या खुणांवर वाढलेले असतात. खर्च कापायची वेळ आली की आयोजक पहिला हात याच मानधनाला घालतात. ते कापायचं असेल तर आम्ही काम घेत नाही. ही अट धंद्याच्या दृष्टीने महाग पडली आहे, तरी ती राहणार.

भारूड साइनमध्ये इतकं खुलेल याची मला कल्पना नव्हती. पैठणकडच्या एका भारूड मंडळाबरोबर आम्ही तालीम घेतली. सासू-सुनेचं भांडण होतं. आमच्या इंटरप्रिटरने आधी बाई दाखवली, बोट नाकपुडीला, मोरणीच्या जागी. मग खांदे डावीकडे वळवून मान वाकवली, ती सून. उजवीकडे वळून हनुवटी वर, पदर खोचलेला, ती सासू. पुढचं सगळं भांडण नुसत्या खांद्यांच्या वळणावर चाललं, "ती म्हणाली, ही म्हणाली" असं एकदाही दाखवावं लागलं नाही. मंडळाचे बुवा टाळ हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "आम्ही सोंग आणायला लुगडं नेसतो, हिला तेबी लागंना." सल्लागाराने तरीही एक जागा अडवली. सासू टोमणा मारते तिथे इंटरप्रिटर हसत होती, कारण ऐकणारे त्या जागी हसतात. तो म्हणाला, तू हसलीस तर सासू प्रेमळ वाटते. तू गंभीर राहा, हसायचं ते आम्ही हसू. ती जागा बदलली, आणि प्रयोगात तिथेच दोन्ही प्रेक्षक एकदम हसले.

गझल आणि शास्त्रीय गायन कठीण. आलापाचं काय दाखवायचं? आम्ही शब्द असतील तिथे शब्द देतो, नसतील तिथे लय आणि चढउतार. पण तालवाद्यं असली की साउंडवाल्याचं डोकं कामी येतं. लाकडी लेव्हल्स, म्हणजे बुटके चौथरे, जमिनीवर मांडून त्यावर खुर्च्या ठेवायच्या आणि सबवूफर, म्हणजे खालच्या आवाजाचा स्पीकर, लेव्हलला टेकवायचा. संबळेचा खालचा आवाज तळपायांतून वर चढतो. काही जण हातात फुगा धरून बसतात, त्याच्या रबरात ढोलकी जाणवते. पोवाड्याला दादा बोर्ड सोडून त्या लेव्हलवर येऊन बसतो.

आमची खरी झटापट सोफ्यांशी असते. आपल्याकडे पहिल्या रांगा पाहुण्यांच्या. त्यांच्यामागे व्हिडिओवाल्याचा ट्रायपॉड, आणि कर्णबधिरांना सांगतात, मागे कुठेही बसा. आम्ही तिसऱ्या ते सहाव्या रांगेतला इंटरप्रिटरच्या बाजूचा पट्टा मागतो. फार पुढे बसलं तर मान दुखते आणि नट व इंटरप्रिटर एका नजरेत येत नाहीत. मग सत्कार. शाल-श्रीफळ द्यायला माणसं स्टेजवर चढली की इंटरप्रिटर त्यांच्या पाठीमागे बुडतो. एका मोठ्या कार्यक्रमात ऐनवेळी प्रायोजकाचा फलक लावायचा म्हणून आमच्या इंटरप्रिटरची जागा स्पीकरच्या भिंतीमागे सरकवली गेली. दादाने त्या फलकाचा लाइट बंद केला आणि जागा परत मिळेपर्यंत चालू केला नाही. तेव्हापासून जागेचा नकाशा करारातच जोडतो, सहीसकट.

लोक येतात का, या प्रश्नाचं उत्तर आमंत्रणात आहे. वर्तमानपत्रातली जाहिरात आणि चौकातला फ्लेक्स त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कर्णबधिर माणसानेच साइनमध्ये केलेला मिनिटभराचा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर जातो: काय आहे, कुठे, कुठल्या दाराने यायचं, इंटरप्रिटर कोण, शेवटची एसटी किती वाजता. कोण हात करणार आहे हे कळलं की लोक ठरवतात. बाहेरगावचे रात्री अडकू नयेत म्हणून आम्ही दुपारच्या प्रयोगासाठी आग्रह धरतो. वाळूजच्या कारखान्यांत काम करणारी मुलं सुट्टीच्या दिवशी घोळक्याने येतात, तिकीट काढून.

लॉकडाउनमध्ये सगळं थांबलं. ऑनलाइन व्याख्यानांना इंटरप्रिटर पुरवून आम्ही तग धरला.

सध्या उघड्यावरच्या कार्यक्रमांचं काम हाती आहे. पैठणच्या नाथषष्ठीच्या गर्दीत, गोदावरीच्या वाळवंटात, जिथे ना विंग ना वीज, तिथे कीर्तन चालू असताना इंटरप्रिटरला कुठे उभं करायचं आणि उजेड कुठून आणायचा? दादाने बॅटरीवर चालणारं एलईडीचं पॅनल आणि दोन माणसांना उचलता येईल असा उंच चौथरा बनवला आहे. उभ्या गर्दीत चौथरा दिसतो, पण लोक बसले की मागच्यांना पॅनल डोळ्यांवर येतं. त्याला पुठ्ठ्याची झापड लावून बघणं चालू आहे. दादाच्या हाताखाली दोन कर्णबधिर मुलं लाइट शिकताहेत, एक जालन्याचा, एक परभणीचा.

नांदेड-लातूरकडून विचारणा होते, त्यांच्यासाठी: संहिता, अभंग किंवा भाषणाचे मुद्दे आमच्याकडे किमान तीन आठवडे आधी द्या. पात्रांना नावखुणा, म्हणजे नावाऐवजी वापरायची प्रत्येकाची खूण, ठरवायच्या असतात, गाण्यांच्या ओळी बसवायच्या असतात, आणि निदान एक तालीम तुमच्या कलाकारांबरोबर, त्याच लाइटमध्ये, व्हावी लागते. ती तालीम कोटेशनमध्ये धरलेली असते. टाळ्यांच्या वेळी हॉलचे दिवे लावा, कारण हे प्रेक्षक दोन्ही हात वर करून हलवतात आणि कलाकारांना ते दिसायला हवं.