मार्चमधला सडा

मे महिना सरत आला होता. शाळेच्या मैदानावर मांडव, समोर घामाने प्लास्टिकच्या खुर्च्यांना चिकटलेली तीन-चारशे माणसं, आणि व्यासपीठावर अपर जिल्हाधिकारी. देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात पर्यावरणविषयक जनसुनावणी होती. खाडीत मालवाहू जेटी आणि वर सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, माल साठवायचं आवार, असा प्रस्ताव. मी सल्लागार कंपनीतर्फे आले होते. अहवालातला वनस्पती आणि भूवापराचा भाग मी लिहिला होता, त्यामुळे त्यावर कुणी काही विचारलं तर उत्तर मीच द्यायचं असं ठरलं होतं. साहेब म्हणाले होते, ‘‘तुला कोण काय विचारतंय? सगळे मासळीवर आणि नोकऱ्यांवर बोलतील.’’

ते बरोबरच होतं. पहिले दोन तास मासळी आणि नोकऱ्याच चालल्या. जेटीसाठी गाळ उपसला की खाडीतल्या तिसऱ्या-मुळ्यांसारखे शिंपले जगणार का, डोल जाळी कुठे लावायची, किती पोरं कामाला घेणार, ती गावातलीच का. बऱ्याच जणांची समजूत अशी, की आजच इथे हो किंवा नाही ठरणार. तसं नसतं. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे सुनावणी हा मधला टप्पा आहे. आधी प्रकल्प कोणत्या वर्गात बसतो ते पाहायचं, मग कशाकशाचा अभ्यास करायचा याची कार्यकक्षा घ्यायची, अभ्यास करून मसुदा लिहायचा, तो लोकांसमोर ठेवायचा, आणि त्यानंतर तज्ज्ञ समिती छाननी करते. आमची जेटी वर्षाला 50 लाख टनांच्या आतली म्हणून ‘ब’ वर्गात, म्हणजे छाननी राज्य पातळीवर. मांडवात मतदान नसतं, किती माणसं हवीत याचीही अट नसते. पण एकटा माणूस जे बोलेल ते इतिवृत्तात यावं लागतं, आणि प्रकल्पवाल्याला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागतं. हे माइकवरून सांगून झालं होतं. पंख्याच्या घरघरीत कितीजणांना ऐकू गेलं, देव जाणे.

मग मधल्या रांगेतून एक काकी उठल्या. पासष्टीच्या असाव्यात. हातात ग्रामपंचायतीत महिनाभर ठेवलेल्या मराठी सारांशाची झेरॉक्स, एका पानाचा कोपरा दुमडलेला.

‘‘हयसर लिवलेला आसा, सडो ओसाड. ह्या कोणी लिवल्यान?’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले.

‘‘तू सड्यार कधी गेल्लंस गो?’’

‘‘गेल्या वर्षी मार्चमध्ये, काकी. मार्च ते मे, तीन महिने.’’

‘‘निजलेल्या माणसाक तू मेलो म्हणतंस?’’

मांडव हसला. मीही हसायला गेले, पण जमलं नाही.

खरं तर मी नियमाला धरूनच वागले होते. पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे तीन महिन्यांची आधारभूत माहिती घ्यायची, असं कार्यकक्षेतच लिहिलेलं असतं. हवेच्या बाबतीत ते पटतं. पावसात हवा धुऊन निघते, तेव्हा धूळ मोजून काय मिळणार? आम्ही शाळेच्या गच्चीवर यंत्र ठेवलं होतं. आठवड्यातून दोनदा, चोवीस-चोवीस तास. पीएम 10, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, त्याच्याशी आकडे ताडून पाहायचे. वीज गेली की तो दिवस फुकट. पोरं त्याला ‘धूळ खाणारं कपाट’ म्हणत.

पण तोच तीन महिन्यांचा नियम मी सड्याला लावला. कराडची मी, जांभ्याचा सडा त्याआधी बसच्या खिडकीतून पाहिलेला. मार्चमध्ये तो काळाठिक्कर असतो, पाय ठेवला तर चपलेतून चटका. झाडं मोजायची चौकट टाकावी तर आत वाळक्या गवताच्या चार काड्या. उपग्रहाच्या नकाशात पडीक, सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. तिन्हीकडून एकच उत्तर आल्यावर मी इंग्रजीत ‘बॅरन रॉक’ लिहून मोकळी झाले. मराठी सारांश करणाऱ्याने त्याचं ‘ओसाड कातळ’ केलं. बरं झालं केलं. इंग्रजी अहवाल शेकडो पानांचा, त्यातले ते दोन शब्द कुणाला सापडले असते?

काकी खाली बसायला तयार नव्हत्या. ‘‘आमच्या वाडयेतलो झरो मे म्हयन्यात सुद्धा आटणा नाय. त्येचा पाणी खयसून येता, ता लिवलंस?’’

लिहिलं नव्हतं. भूजलाचा भाग दुसऱ्याचा, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण त्या भागातही विहिरींच्या पातळ्या होत्या, झरा नव्हता. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपत जातं आणि खालच्या शेडीच्या, म्हणजे चिकट मातीच्या थराला अडतं. मग ते आडवं सरकतं आणि उताराच्या पोटातून झऱ्यासारखं बाहेर येतं. वर काही हेक्टरांवर काँक्रीट ओतलं की पाणी आत जाणार कुठून? मी पदवीला शिकलेली गोष्ट काकींनी एका वाक्यात मांडवात आणली.

मी म्हटलं, ‘‘काकी, ते राहिलंय.’’ साहेबांनी माइक हळूच माझ्या हातातून घेतला आणि ‘‘नोंद घेण्यात येईल’’ म्हणाले. या वाक्यावर आमचा अर्धा धंदा चालतो.

संध्याकाळी इतिवृत्त वाचून दाखवलं. तिथल्या तिथे, मराठीत वाचावं लागतं. काकींचा मुद्दा ‘सड्यावरील वनस्पती व झऱ्याबाबत हरकत’ असा आला. त्यांनी पुन्हा हात वर केला: निजलेल्या माणसाचंही लिहा. अधिकाऱ्यांनी खरंच लिहून घेतलं. माणसं पांगल्यावर त्या माझ्याकडे आल्या. ‘‘श्रावणात ये. छत्री हाडू नको, वाऱ्यान मोडतली. इरला मी दितंय.’’

साहेबांना वाढीव अभ्यासाचा खर्च नको होता. मी ऑगस्टमध्ये चार दिवसांची रजा टाकून गेले.

मार्चमध्ये जिथे बसून डबा खाल्ला होता तो कातळ ओळखूच येईना. बोटभर मातीच्या खळग्यांत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, मध्ये गेंदाची पांढरी बटणं, आणि ओल्या कडेला दवबिंदूची लाल चिकट पानं, किडे धरून बसलेली. दीपकाडीची फुलं जुलैतच होऊन गेली होती, पानं तेवढी सापडली. कोकणातल्या सड्यांपलीकडे ती क्वचितच दिसते, आणि मी तिच्याच डोक्यावर मालाचं आवार दाखवलं होतं. इरल्यात ओणवी होऊन मी दिवसभर मोजत राहिले. एका चौकटीला दीड तास लागत होता. वहीची पानं भिजून एकमेकांना चिकटली.

काकी म्हशी घेऊन आल्या होत्या. जरा लांब उभ्या राहून माझी मोजणी बघत होत्या.

‘‘ता ‘ओसाड’ काढलंस?’’

‘‘काढतेय, काकी. ही यादी अंतिम अहवालाला जोडणार. झऱ्याचंही घालतेय. पण भूवापराच्या तक्त्यात पोटखराबा तसंच राहणार. सातबाऱ्यावर तेच आहे.’’

‘‘ता रवांदे,’’ काकी म्हणाल्या. ‘‘आमच्या आज्याच्या वेळेपासून ता तसाच आसा.’’ आणि म्हशींना हाकत त्या झऱ्याच्या बाजूने उतरल्या.