देवघरातली हिरवी लादी

परवा ताम्हन लिंबू-मिठाने घासून तसंच देवघरात ठेवलं. खालच्या हिरव्या मार्बलवर लिंबाचा ओघळ आला, तो संध्याकाळी दिसला. धसकाच बसला, कारण मार्बल आणि लिंबू यांचं वैर जुनं. पुसून पाहिलं तर हिरवा भाग जशाचा तसा! फक्त मधली पांढरी शीर तेवढी मळकट, चकाकी गेलेली.

म्हणजे मार्बल ती शीरच म्हणायची. बाकीची लादी मुळात मार्बल नाहीच, बाजाराने ठेवलेलं ते नाव. खरा संगमरवर चुनखडकापासून होतो. हा मात्र मूळचा अग्निजन्य खडक, ऑलिव्हिन नावाच्या खनिजाने भरलेला. त्यात पाणी मुरलं आणि ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालं. सापाच्या कातडीसारखी नक्षी, म्हणून हे नाव. या खनिजाच्या वजनात शेकडा बारा-तेरा भाग पाणीच असतं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण थिजला तो थिजला. याला मात्र पाण्याने पार बदलून टाकलं.

पाण्याची ती ओढ आम्हाला चांगलीच भोवली आहे. गवंड्याने नेहमीच्या सवयीने ओल्या सिमेंटात लाद्या बसवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे कोपरे पापडासारखे वर आले. दुकानदार म्हणाला, "साहेब, ग्रीन असंच करतो, इपॉक्सी गोंदात बसवायचा." हे विकताना सांगायला काय झालं होतं? चारपैकी तीन बदलल्या. चौथी त्यातल्या त्यात बरी म्हणून राहिली.

हा दगड बराचसा राजस्थानातल्या ऋषभदेवचा, उदयपूरहून अहमदाबादकडे जाताना लागतं त्या गावाचा. केशर वाहतात म्हणून तिथला देव केशरियाजी, मूर्ती काळी म्हणून भिल्लांचा काळाजी. देवाच्या नावाचा रंग एक, मूर्तीचा दुसरा आणि आसपासच्या खाणींतून निघतो तो हिरवा दगड!

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं खोट्या मार्बलवर देव ठेवले?" खोटा नाही गं, वेगळा, म्हटलं. तिने ऐकल्यासारखं केलं. त्या चौथ्या लादीचा कोपरा अजून जरासा वर आहे. तिथे निरांजन कलतं, म्हणून ती उदबत्तीचं घर ठेवते.