तीन पानांचं एक वाक्य

गिरगावातल्या एका जुन्या घराचं टायटल सर्चचं, म्हणजे मालकीची कागदपत्रं तपासण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. वाद एवढाच, की दोन घरांमधला बोळ कुणाचा? शेजारी म्हणत, फक्त आमचा. माझे अशील, वय ऐंशीच्या पुढे, 1911 चं इंग्रजी खरेदीखत घेऊन आले. "मॅडम, वडील म्हणायचे, यात सगळं लिहिलंय."

सगळं म्हणजे खरंच सगळं. तीन पानं वळणदार अक्षर, स्वल्पविराम नावाला नाही, पूर्णविराम थेट शेवटी. वाटा, पायवाटा, बोळ, पाणी, पाण्याचे पाट, उजेड, हक्क, सोयी, जे जे या मिळकतीचं आहे किंवा तसं समजलं जातं ते ते. गिरगावच्या त्या चिंचोळ्या प्लॉटवर पाट कुठले? इंग्लंडातल्या खतांचा ठरावीक मजकूर इथे जसाच्या तसा उतरला होता. तिकडे 1880 च्या सुमारापर्यंत सॉलिसिटरची फी दस्ताच्या लांबीवर ठरे, मग हात कोण आखडता घेणार! (1596 साली लंडनच्या चान्सरी कोर्टाने मात्र एकाला धडा शिकवला. 16 पानांत मावणारं त्याने 120 पानांत लिहिलं होतं. त्या कागदांना भोक पाडून त्यात त्याचं डोकं घालावं आणि वेस्टमिन्स्टर हॉलभर फिरवावं, असा हुकूम झाला.)

एवढ्या पसाऱ्यात बोळ होता, पण उत्तर नव्हतं. बोळ मिळकतीचा असेल तर विकला, एवढंच ते वाक्य सांगतं. तो मिळकतीचा आहे का, हाच तर वाद. उत्तर मिळालं शेवटच्या परिशिष्टात, चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात : पश्चिमेस पाच फूट रुंद सामाईक बोळ. संपलं.

खरं तर ती यादी 1911 मध्येही लागत नव्हती. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 8 सांगतं, की वेगळा हेतू दिसत नसेल तर जमिनीबरोबर तिचे वाट, पाणी, उजेड असे वहिवाटीचे हक्कही जातात. त्याच कायद्यात विक्रीची व्याख्या एका वाक्यात आहे : दिलेल्या, कबूल केलेल्या किंवा काही दिलेल्या-काही कबूल केलेल्या किमतीच्या बदल्यात मालकीचं हस्तांतरण. इंग्रजांनीच लिहिलेलं, आणि कारकुनालाही कळेल असं.

शेजाऱ्यांनी परिशिष्ट वाचलं आणि ते समझोत्याला तयार झाले. मी बोळापुरत्या चार ओळींचा मसुदा पाठवला. संध्याकाळी त्यांच्या वकिलांकडून परत आला तो पाटांसकट. फोन केला, तर म्हणाले, "राहू द्या हो मॅडम, असलेलं बरं." आजोबांना सह्यांची घाई होती. मी पाट राहू दिले, चतुःसीमेला मात्र हात लावू दिला नाही.